पाणी वाजेपर्यंत

१

सकाळच्या चहाच्या वेळी वरच्या मजल्यावरून आणखी एक गादी खाली आणून उन्हात टाकली, तेव्हा वृद्धाश्रमात कुणी कुणाला काही विचारलं नाही. गादी उन्हात पडली की वरचा एक पलंग रिकामा झाला, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. खालचे म्हातारे व्हरांड्यात ओळीने बसून चहा पीत होते आणि गादीकडे न बघण्याची खटपट करत होते.

ओळीच्या टोकाला फौजदार बसले होते. नोकरी सुटून जमाना झाला, तरी इथे त्यांना सगळे फौजदारच म्हणत. त्यांच्या बायकोची गादी महिन्यापूर्वी अशीच उन्हात पडली होती. आश्रमाचा नियम असा की पुरुष खाली, बायका वर; मग ते नवरा-बायको का असेनात. जन्मभर एका छपराखाली भांडलेल्या दोघांमध्ये म्हातारपणी जिना आला होता आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून भांडत असे.

साथ दोन्ही मजल्यांवर एकाच आठवड्यात शिरली. खालचे आठवडाभर खोकले, काढे प्यायले, उठले आणि पुन्हा पत्त्यांच्या डावावरून एकमेकांवर डाफरायला लागले. वर मात्र एकेक पलंग रिकामा होत गेला. बूस्टर दोन्ही मजल्यांना एकाच दिवशी मिळाला होता. लस एकच, टोचणारा हात एकच. मग जिन्याने असं काय वेगळं केलं, हे कुणालाच कळेना.

बूस्टरची कथा म्हणजे सरकारी काम आणि सहा महिने थांब. आधी जाहीर झालं, सगळ्या वृद्धांना मिळणार. मग कळलं, आधी ऐंशीच्या वरच्यांना. मग ऐंशीच्या वरच्यांतले आजारी. आजारी सापडले तर साठा नाही, साठा आला तर टोचणारे दुसऱ्याच कामाला जुंपलेले. फौजदार आणि त्यांची बायको एकमेकांचा हात धरून कोपऱ्यावरच्या केंद्रावर खेटे घालत होते. एका बाटलीत दहा जणांची लस. उघडली की काही तासांत संपवायची, वाया गेली तर वरून जाब. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असा तिथला दंडक. एकदा नऊ जण जमले आणि दहावा काही येईना. तेव्हा बायको म्हणाली होती, "ही माझ्या शेजारची रिकामी खुर्ची धरा की दहावी. बिचारी केव्हाची थांबलीये." सगळे हसले आणि सगळे तसेच परत गेले.

मग वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला आणि कासवाला एकाएकी पाय फुटले. मंत्र्यांनी महाअभियान जाहीर केलं, आठवड्याभरात सगळे म्हातारे उरकायचे. आश्रमात गाडी आली. ठरल्याप्रमाणे खालचा मजला आधी होता. पण फौजदारांनी लस टोचायला आलेल्या सिस्टरला जिन्याजवळ गाठून सांगितलं, की आम्ही दांडगे आहोत, आम्हाला काय घाई. आधी वर जा, माझी बायको केव्हाची वाट बघतेय. सिस्टर हसली आणि लसीचा डबा घेऊन वर गेली. बायको गेल्यावर फौजदारांजवळ तेवढंच एक समाधान उरलं होतं. तिला शेवटच्या खेपेला तरी ताटकळत ठेवलं नाही. रोज सकाळी डोळे उघडले की ते आधी हे आठवत आणि मगच उठत.

चहा संपता संपता व्यवस्थापक आले आणि त्यांनी बातमी सांगितली. सिस्टरला कामावरून काढलं होतं. तिने वरच्या बायकांना मिठाचं पाणी टोचलं आणि लस बाहेर विकली, अशी बोलवा होती. चौकशीला मोठ्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. वरच्या बायकांनी पुन्हा डोस मागितला होता, त्याचं उत्तरही आलं होतं. तुमचा डोस झालेला आहे. झालेला डोस पुन्हा होत नाही.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काठी आपटल्याचा आवाज आला. फौजदारांच्या बायकोची थोरली बहीण कठड्याला धरून उभी होती. आश्रमात सगळे तिला ताईच म्हणत. "फौजदार," ती म्हणाली, "जन्मभर चोर पकडल्याच्या बाता मारल्यात ना? आता वर या. आम्ही दहा-अकरा जणी उरलोय, तेवढ्यात काय ते शोधा."

२

वरच्या लांबलचक खोलीत पलंगांच्या दोन ओळी होत्या आणि मधूनमधून नुसत्या लोखंडी जाळ्या दिसत होत्या. फौजदारांनी बायकोच्या पलंगाकडे पाठ करून खुर्ची ओढली. ताईंनी ते पाहिलं.

फौजदारांनी सगळ्यांना एकच गोष्ट विचारली. लस घेतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय काय झालं. बायका आठवून आठवून सांगायला लागल्या. चहा पातळ होता. पंखा बंद होता. सिस्टरची बोटं गारठलेली होती. बाटली मुठीत धरून ऊब देत होती बिचारी. फौजदारांची बायको तिला म्हणाली होती, हात आहे की बर्फाची लादी. पण हात मोठा हलका, कुणाला काही त्रास झाला नाही. ताप नाही, कणकण नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्या ठणठणीत. आधीच्या दोन्ही वेळी तर अंथरूण धरलं होतं सगळ्यांनी.

 खाली उलटं घडलं होतं. खालचा लस घेतलेला प्रत्येक गडी दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला होता आणि स्वतः फौजदार दिवसभर पांघरूण घेऊन सिस्टरच्या नावाने बोटं मोडत पडले होते. शरीराने लस ओळखली होती म्हणून ताप आला. वरच्या शरीरांना ओळखण्यासारखं काही मिळालंच नव्हतं.

"म्हणजे पाणीच," पलीकडची एक म्हातारी म्हणाली.

"पाणी किंवा मेलेली लस," फौजदार म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. पाणी असलं तर चोर आहे."

"आणि मेलेली असली तर?" ताईंनी विचारलं.

तर मारणारा वेगळा आहे, हे फौजदारांनी मनात म्हटलं. व्यवस्थापकांचा मात्र निकाल आधीच लागला होता. ते म्हणाले, एकाच हाताने खाली खरं आणि वर खोटं दिलं, कारण बायका तक्रार करत नाहीत. शिवाय ठरलेला क्रम सोडून ती आधी वर गेली, हेच संशयास्पद नाही का. फौजदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो क्रम आपण बदलायला लावला, हे साधं वाक्य होतं. का कोण जाणे, ते त्या वेळी बाहेर आलं नाही.

दुपारी ते सिस्टरच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला नीट लावलेल्या, दोरीवर पांढरा गणवेश वाळत घातलेला. कामावरून काढलेल्या बाईने गणवेश कशासाठी धुतला, याचं त्यांना वाईट वाटलं. सिस्टरने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली.

"काका, चौकशी होऊ दे," ती म्हणाली. "सात वेळा होऊ दे. पण तुम्ही करू नका."

३

चोराच्या मनात चांदणं, असं कुणीही म्हटलं असतं. फौजदारांनाही क्षणभर तसंच वाटलं. पण माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बसतो हे बघायची त्यांना जुनी खोड होती. सिस्टर भिंतीला टेकून बसली होती आणि स्वतःला वाचवण्याचा तिचा काही उत्साहच दिसत नव्हता.

हळूहळू ती बोलायला लागली. वर एकीलाही ताप आला नाही हे तिने स्वतःच ओळखलं होतं आणि पुन्हा डोस द्या म्हणून वर कळवलंही होतं. वरून विचारलं, का. कारण तिला ठाम सांगता येईना. मग तिच्यावरच आळ आला. तिने प्रत्येक बाटलीवरची खूण पाहिली होती. बाटलीला उष्णता लागली की तो चौकोन काळा पडतो. एकही काळा नव्हता. उरलेल्या दोन बाटल्या तर अजून सीलबंद होत्या. एक पहिल्या डब्यातली, एक दुसऱ्या डब्यातली. त्या दिवशी जे तापाने आजारी होते त्यांच्यासाठी तिने त्या आश्रमाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. एक वरच्या मजल्याच्या औषधांच्या टोपलीत, एक खालच्या मजल्याच्या. पुढच्या आठवड्यात येऊन टोचणार होती. पण आठवडा संपला, अभियान संपलं आणि उद्दिष्ट गाठल्याचे फलक लागले. आजारी राहिले ते राहिलेच.

"डबे दोन होते?" फौजदारांनी विचारलं.

सिस्टरने मान खाली घातली. पहिल्या खेपेला भांडारातून निम्मीच लस मिळाली होती, ती वरच्यांसाठीच लागली. दुसरा डबा ड्रायव्हर मागाहून घेऊन आला. एवढं सांगून ती उठली आणि चहा टाकते म्हणाली. पुढे एक शब्द बोलली नाही.

लस विकणारी बाई दोन सीलबंद बाटल्या फ्रिजमध्ये विसरून जात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची चालली होती, हे फौजदारांना तिथेच कळलं. मात्र ही संन्याशीण आपल्याला का घाबरते, ते काही कळेना.

ड्रायव्हर गाडीखाली आडवा होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते आणि आधी बराच वेळ फौजदार पायांशीच बोलले. त्याची स्वतःची तक्रार होती. दुसरी खेप उशिरा पोचली म्हणून त्याला साहेबांनी झापलं होतं, आणि म्हाताऱ्यांनीही शिव्या दिल्या होत्या. "तुम्हीसुद्धा," गाडीखालून आवाज आला. फौजदारांनी कबूल केलं. दोन्ही डबे त्यानेच उतरवले, त्यानेच आत नेले, कुठेही थांबला नाही, झाकण उघडलं नाही, हे त्याने शपथेवर सांगितलं.

फौजदार जायला निघाले. मग सवयीने थांबून त्यांनी विचारलं, की दोन डब्यांत काही फरक होता का, वजनात, दिसण्यात. पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग ड्रायव्हर सरकत बाहेर आला आणि कपाळाला काळा हात पुसत बसला.

"वजन सारखंच," तो म्हणाला. "पण दुसरा डबा वाटभर बोलत होता. आत पाणी डुचमळत होतं. पहिला मुका होता. दगड वाहून नेतोय असं वाटलं."

४

लसीचं भांडार म्हणजे जाड दारांची एक लांब खोली. तिथल्या भांडारप्रमुखांच्या अंगात उन्हाळ्यातही स्वेटर असे. त्यांना फौजदारांची दया आली की कंटाळा, सांगता येत नाही, पण त्यांनी खुर्ची दिली. लस कशी जपतात, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. डब्याच्या चारी बाजूंना बर्फाच्या चपट्या पिशव्या लावायच्या, मधे लस. पण पिशव्या फ्रीझरमधून काढून तशाच लावायच्या नाहीत. आधी टेबलावर मांडून ठेवायच्या. त्यांना घाम सुटला पाहिजे. मग एकेक उचलून कानाशी हलवायची आणि आत पाणी वाजलं की मगच डब्यात घालायची.

"नाही वाजलं तर?"

"तर बर्फ फार थंड. लस गोठते. उष्णतेने लस मरते हे सगळ्यांना माहीत असतं. थंडीने मरते हे सांगावं लागतं."

"आणि गोठलेली लस पुन्हा वितळली तर दिसते का?"

भांडारप्रमुखांनी नकारार्थी मान हलवली. उष्णतेची खूण बाटलीवर असते, थंडीची नसते. त्या घाईत कुणाच्या लक्षात येणार.

मग फौजदारांनी महाअभियानाच्या सकाळचं विचारलं आणि त्या माणसाचा खुललेला चेहरा मिटला. त्या दिवशी भांडाराच्या दारात मांडव होता. मंत्री हिरवा झेंडा दाखवणार आणि गाड्या सुटणार. पिशव्या टेबलावर मांडलेल्या बघून एक साहेब म्हणाले, हे काय, वितळतायत की सगळ्या. मंत्री यायच्या आत डबे भरा. तेव्हा भांडारप्रमुखांनी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, बर्फ जितका गार तितकी लस ताजी, एवढंही कळत नाही का. मग फ्रीझरमधल्या कडक पिशव्या काढून पहिले डबे भरले. झेंडा हलला. टाळ्या झाल्या. उरलेली लस घेऊन येणारी गाडी मात्र वाटेत अडकली. ती येईपर्यंत टेबलावरच्या पिशव्यांना चांगला घाम सुटला होता, आणि त्या दुसऱ्या डब्यांत गेल्या.

"उशिरा गेलेले डबेच चांगले गेले," भांडारप्रमुख म्हणाले. "मी कुणाला सांगू? सांगितलं तर दोष माझा. आणि खरंच, हात माझेच होते."

फौजदार बाहेर येऊन पायरीवर बसले. मांडवाचे बांबू अजून तिथेच पडले होते. चोर सापडला होता, आणि त्याला बेड्या घालता येणार नव्हत्या. वर्षभर रांगत्या पोरासारखी सरकत राहिलेली गोष्ट एका सकाळी नको तितकी धावली होती. मधली वेळ, टेबलावर पिशवीला घाम सुटायची, तेवढी कुणालाच परवडली नव्हती.

पहिला डबा वर गेला. पहिला डबा वर का गेला, इथपर्यंत त्यांचं मन आलं आणि तिथून परत फिरलं. पुन्हा आलं, पुन्हा फिरलं. सिस्टर आपल्याला का घाबरत होती, हे त्यांना आता कळायला लागलं होतं. ती घाबरत नव्हती. ती त्यांच्यासाठी घाबरत होती.

५

चौकशी आश्रमाच्या जेवणघरात भरली. डॉक्टरीणबाई कोरड्या चेहऱ्याच्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. एका बाकावर सिस्टर, धुतलेला गणवेश घालून. भांडारप्रमुख स्वेटरच्या बाह्या ओढत. ताई काठीसकट पहिल्या खुर्चीत, कुणी बोलावलं नसताना.

फौजदारांनी आधी फ्रिज उघडायला लावला. दोन टोपल्या, एक वरची, एक खालची, शेजारी शेजारी. प्रत्येकीत एक सीलबंद बाटली. गोठलेली लस ओळखायची काही रीत आहे का, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मग त्यांनी दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून सारख्याच हलवल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या केल्या. दोन्हींत दुधट पाणी होतं. आता थांबायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

थांबताना फौजदारांनी एकेक धागा सोडवला. मिठाचं पाणी असेल, तर या सीलबंद बाटलीत खरी लस असायला हवी. सील तोडल्याशिवाय कुणी पाणी भरत नाही. कारखान्यातूनच खराब आली म्हणावं, तर दोन्हींवर एकाच घाण्याचा, म्हणजे बॅचचा, नंबर छापलेला आहे. आश्रमाच्या फ्रिजने मारली म्हणावं, तर दोन्ही एकाच फळीवर राहिल्या. सिस्टरचा हात दोन्ही मजल्यांवर तोच. फरक उरतो तो एका डब्याचा. एक मुका होता आणि एकात पाणी वाजत होतं.

बोलणं संपलं तेव्हा सगळे खिडकीकडे बघत होते. खालच्या टोपलीतली बाटली अजून दुधट होती. वरच्या टोपलीतली वर नितळ झाली होती आणि तिच्या तळाशी फाटलेल्या दुधासारखा चोथा बसला होता.

भांडारप्रमुखांनी डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मग त्यांनी पेन थांबवलं. "एक राहिलं. ठरल्याप्रमाणे खालचा मजला आधी होता. म्हणजे पहिला डबा खाली जायला हवा होता. तो वर कसा गेला?"



"मी नेला," सिस्टर घाईने म्हणाली. "माझीच मर्जी. मला वाटलं, आधी वर उरकावं."

म्हणजे परवानगीशिवाय क्रम बदलला, असं बाई लिहायला लागल्या. त्या एका ओळीने सिस्टरची नोकरी कायमची गेली असती. फौजदारांनी टेबलाची कड धरली. रोज सकाळी उशाशी सापडणारं ते एकच समाधान त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते आपल्याच हाताने मोडायचं होतं.

"लिहू नका," ते म्हणाले. "मी सांगितलं तिला. माझी बायको थांबून थांबून कंटाळली होती. म्हटलं, निदान आज तिला आधी मिळू दे." त्यांनी टेबलाची कड सोडली. "पहिला डबा आमचा होता. मी तो तिला दिला."

सिस्टर तोंड झाकून रडायला लागली. ताई तशाच बसून होत्या, काठीवर हनुवटी टेकून.

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ती सगळ्या खोलीभर सांगत फिरत होती. बघा, फौजदारांनी माझा नंबर आधी लावला. जन्मात पहिल्यांदा." मग म्हणाल्या, "तुम्हाला हे सांगावं की नाही, महिनाभर विचार करत होते मी."



६

अहवाल वर गेला. अहवालात 'तांत्रिक कारण' एवढंच आलं. झेंडा आला नाही, मांडव आला नाही, साहेब तर मुळीच आले नाहीत. सिस्टरला कामावर परत घेतलं, पुन्हा चूक झाल्यास गय केली जाणार नाही अशी तंबी देऊन. भांडारप्रमुखांची बदली झाली. वरच्या बायकांना पुन्हा डोस द्यायचा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, तिथला माणूस रजेवर होता, तिसऱ्याने शंका काढली की झालेला डोस न झालेला कसा धरायचा. डॉक्टरीणबाईंनी पाठपुरावा केला, हे खरं. पण बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ज्याने केली त्याने बैल तरी एकच धरला होता. इथे प्रस्ताव फिरत होता तोवर आणखी दोन गाद्या उन्हात पडल्या.

मंजुरी आली त्या सकाळी सिस्टर स्वतः डबा घेऊन आली. सोबत तिने बर्फाच्या पिशव्या वेगळ्या आणल्या होत्या. मागच्या खेपेपासून ती दुसऱ्याने भरलेला डबा घेत नसे. वरच्या खोलीतल्या टेबलावर तिने लस एका गार पेटीत ठेवली आणि पिशव्या ओळीने मांडल्या. दुपारपर्यंत तिला पुढच्या आश्रमात जायचं होतं, डबा नीट भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. फौजदारांना ताईंनी मुद्दाम वर बोलावलं होतं. ते पहिल्यांदाच बायकोच्या पलंगाकडे तोंड करून बसले.

सिस्टरने सगळ्यांना मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती खाली बघत उभी राहिली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

मंजुरीत स्पष्ट होतं. बाटली दहा जणांची. दहा भरल्याशिवाय उघडायची नाही, लस वाया घालवायची नाही. मंजुरी फक्त वरच्या मजल्याची, खालच्या कुणाला धरता येत नव्हतं. आणि वर आता नऊ जणी होत्या. पुढच्या फेरीत दुसरीकडच्या कुणाला तरी जोडून घ्यावं लागलं असतं. पुढची फेरी कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

 बायकांना सवय होती. एकीने वर केलेली बाही खाली घेतली.

फौजदार उठले. ते बायकोच्या पलंगापाशी गेले, लोखंडी जाळीच्या कडेवर बसले आणि त्यांनी हात तिच्या उशाच्या जागी ठेवला.

"हिला धरा दहावी," ते म्हणाले. "हिचा डोस झालेला नाही. सरकारच्याच अहवालात आहे."

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. तिला मिळालेली तंबी खोलीतल्या सगळ्यांना माहीत होती. ताईंनी काठीने जमिनीवर एकदा टकटक केलं.

सिस्टरने पुन्हा मोजायला सुरुवात केली, दारापासून, एकेका पलंगाला बोट लावत. नऊ झाल्यावर ती थांबली नाही. रिकाम्या पलंगाकडे बोट करून ती दहा म्हणाली आणि तिने बाटली उघडली.

ताईंना पहिली सुई टोचली. मग ओळीने बाकीच्या.  फौजदारांनी टेबलावरची एक पिशवी उचलली; तिला घाम सुटला होता. त्यांनी ती कानाशी धरून हळूच हलवली. आत पाणी वाजलं. ते ती तशीच कानाशी धरून बराच वेळ बसून राहिले.